शेगाव : कापसाच्या बाजारपेठेतून तीर्थनगरीकडे
संत गजानन महाराजांच्या ३२ वर्षांच्या वास्तव्याने घडलेले एक वऱ्हाडी शहर

मुंबईहून नागपूरकडे जाणारी रेल्वे भुसावळ, मलकापूर, नांदुरा, जलंब अशी स्थानके मागे टाकीत शेगावला येते, तेव्हा डब्यातील निम्मे प्रवासी सामानाची आवराआवर करीत असतात. बुलढाणा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी इतके लोक उतरावेत, यात आता कोणालाच नवल वाटत नाही. संत गजानन महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला निघालेला हा ओघ वर्षाचे बाराही महिने अखंड चालू असतो. एका दिगंबर अवलियाभोवती शहर उभे राहावे, ही गोष्ट महाराष्ट्राला अपरिचित नाही. मात्र शेगावचा इतिहास थोडा वेगळा आहे. महाराज येथे प्रकट झाले तेव्हा शेगाव हे काही आडरानातले खेडे नव्हते. रेल्वे आली होती, कापसाचा बाजार भरत होता, पैसा खेळू लागला होता. व्यापाराने वाढू लागलेल्या या गावाला महाराजांच्या वास्तव्याने वेगळेच वळण दिले. म्हणूनच महाराजांचे चरित्र आणि शेगावचा इतिहास एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत.

कापूस, रेल्वे आणि शेगाव

पूर्वी या गावाचे नाव शिवगाव होते आणि त्याचे पुढे शेगाव झाले, असे परंपरा सांगते. गावातील जुन्या महादेव मंदिरांमुळे या व्युत्पत्तीला लोकमानसात आधारही मिळाला. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळीभोर जमीन हे या भागाचे खरे वैभव. ही जमीन कापसाला मानवणारी. पण याच खोऱ्याचा मोठा भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. जमिनीखालचे पाणी खारे, उन्हाळा कडक आणि गोड पाण्याची विहीर म्हणजे भाग्याची गोष्ट, अशी येथील परिस्थिती. महाराजांच्या चरित्रात पाण्याच्या कथा वारंवार का येतात, याचे उत्तर या भूगोलातही शोधता येते.

१८५३ च्या तहान्वये वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या निजामाकडून इंग्रजांकडे आला. त्यानंतर दहा वर्षांच्या आत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकी कापसाचा पुरवठा तुटल्याने इंग्लंडमधील गिरण्यांना हिंदुस्थानी कापसाची निकड भासू लागली आणि वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. कापूस मुंबई बंदराला लवकर पोहोचावा म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग वऱ्हाडातून नेण्यात आला आणि १८६७ मध्ये तो नागपूरपर्यंत पोहोचला. शेगाव याच मार्गावरचे स्थानक झाले. शेजारच्या जलंब स्थानकापासून खामगावच्या मोठ्या कापूस बाजारापर्यंत १८७० मध्ये स्वतंत्र फाटा टाकण्यात आला. खामगावचा दबदबा मोठा असला, तरी मुख्य मार्गावर असल्याचा लाभ शेगावलाही मिळाला. सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने गावात उभे राहिले. १८८१ मध्ये नगरपालिका स्थापन झाली आणि १९०१ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या १५ हजारांच्या घरात गेली.

बाजार वाढला तसा गावाचा समाजही बदलला. राजस्थानातून आलेली मारवाडी व अगरवाल कुटुंबे व्यापार आणि सावकारीत स्थिरावली. कुलकर्णी, पाटील, देशमुख ही जुनी वतनदार घराणी होतीच. शिंपी, माळी, कुणबी आणि गावकुसाबाहेर ठेवलेले महार-मांग समाज अशी वस्ती होती. पाटील आणि देशमुख यांच्यात जुने वितुष्ट होते. गावात दोन तट पडलेले आणि प्रत्येक लहानमोठ्या घटनेकडे याच चष्म्यातून पाहिले जाई. पैसा आला होता, पण गाव एकजीव झाले नव्हते. अशा गावात महाराज आले.

२३ फेब्रुवारी १८७८

माघ वद्य सप्तमीचा तो दिवस. गावातील देविदास पातुरकर यांच्या घरी मुलाच्या ऋतुशांतीचे कार्य होते. जेवणावळी उठल्या होत्या आणि उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकल्या होत्या. त्या पत्रावळींवरील शिते वेचून खाणारा एक तरुण पुरुष तेथून जाणाऱ्या बंकटलाल अगरवाल आणि दामोदरपंत कुलकर्णी यांच्या दृष्टीस पडला. अंगावर धड वस्त्र नाही, हातात पाणी पिण्याचा भोपळा आणि चिलीम, मुद्रेवर भुकेल्याची लाचारी मात्र नाही. बंकटलालने पातुरकरांकडून अन्नाचे ताट वाढून आणले. त्या पुरुषाने सारे पदार्थ एकत्र कालवून खाल्ले. दामोदरपंत पाणी आणण्यास गेले, तोवर त्याने जवळच्या गुरांच्या हाळातील पाणी पिऊन तहान भागवली होती. गुरांचे पाणी आणि माणसांचे पाणी असा भेद त्याच्या लेखी नव्हता.

शेगावकरांना घडलेले महाराजांचे हे पहिले दर्शन. ते कोठून आले, कोणत्या कुळातले, त्यांचे मूळ नाव काय, हे कोणालाच कळले नाही. पुढे अनेक तर्क लढवण्यात आले, परंतु खुद्द महाराजांनी पूर्वायुष्याविषयी कधी काही सांगितले नाही. ते ज्या वर्षी शेगावी प्रकटले, त्याच १८७८ साली एप्रिल महिन्यात अक्कलकोट येथे स्वामी समर्थांनी समाधी घेतली. शिर्डीत साईबाबांचे वास्तव्य सुरू झाले होते. पुढे काही वर्षांनी नागपुरात ताजुद्दीन बाबांची कीर्ती पसरली. कोणत्याही मठाची गादी नसलेल्या, जातिधर्माच्या चौकटीत न बसणाऱ्या अवलियांचा तो काळ होता. नव्या राजवटीने आणि नव्या बाजाराने गावोगावची जुनी घडी विस्कटत असताना सामान्य माणसाला अशा पुरुषांचा आधार वाटावा, हे स्वाभाविक होते.

पहिल्या दर्शनानंतर महाराज दिसेनासे झाले. बंकटलाल तळमळत होता. गोविंदबुवा टाकळीकर यांचे कीर्तन महादेवाच्या मंदिरात होते, तेथे महाराज पुन्हा दिसले. पितांबर शिंपी नावाचा भाविक त्या वेळी बंकटलालसोबत होता. महाराजांनी त्याला नाल्याचे पाणी आणण्यास सांगितले. नाल्यात पाणी इतके थोडे की तुंबा बुडणे शक्य नव्हते. तरीही तो स्वच्छ पाण्याने भरला, अशी कथा आहे. एक अगरवाल व्यापारी, एक कुलकर्णी, एक शिंपी आणि एक कीर्तनकार अशी महाराजांच्या पहिल्या भक्तांची यादी पाहिली, की शेगावच्या बाजारपेठेचा समाजच डोळ्यांपुढे उभा राहतो.

दोन तटांमधला सेतू

बंकटलालने महाराजांना आपल्या घरी आणले. तेथे दर्शनासाठी लोकांची रीघ लागली. नैवेद्य येऊ लागले, वस्त्रे येऊ लागली, दक्षिणा येऊ लागली. महाराज मात्र जे मिळेल ते खात, कधी दिवसचे दिवस काहीच खात नसत. वस्त्रे कोणालाही देऊन टाकीत. स्वतःचे असे त्यांनी काही ठेवले नाही. संसारी घरात बांधून घेणे त्यांना मानवणारे नव्हते. काही काळाने त्यांनी गावातील मारुतीच्या मंदिरात मुक्काम हलवला.

हे मंदिर पाटील मंडळींच्या वहिवाटीचे. खंडू पाटील हे घराण्याचे कर्ते पुरुष. त्यांच्या बंधूंना महाराजांचे महत्त्व प्रथम पटले नाही. गावात येणाऱ्या एका नंग्या बैराग्याची थट्टा करण्यात तरुण पाटलांना मौज वाटे. उसाच्या कांड्यांनी महाराजांना मारल्याची आणि नंतर महाराजांनी त्याच उसांचा रस हाताने पिळून त्यांना पाजल्याची कथा प्रसिद्ध आहे. या प्रसंगानंतर पाटलांचे मन पालटले आणि हे घराणे कायमचे महाराजांच्या सेवेत आले. याच घराण्यातील हरी पाटील पुढे महाराजांचे निकटचे सेवक झाले.

पाटलांच्या छायेत महाराज राहू लागल्यावर देशमुखांचा विरोध वाढेल, असे कोणालाही वाटले असते. खंडू पाटलांच्या हातून एका महार समाजातील व्यक्तीस मार बसला, तेव्हा देशमुखांच्या पाठबळाने प्रकरण सरकारदरबारी गेले. पाटलांना बेड्या पडण्याची वेळ आली. महाराजांच्या कृपेने ते या प्रकरणातून सुटले, असे चरित्रकार सांगतात. आजचा वाचक या कथेत आणखी एक गोष्ट पाहील. मार खाणाऱ्या माणसाच्या बाजूने त्या काळी गावात कोणीही उभे नव्हते. त्याचे दुःख दोन मातब्बर घराण्यांच्या भांडणातील एक हत्यार ठरले. संतचरित्रे लिहिणाऱ्यांनी अशा नोंदी सहज केलेल्या असतात. पण त्यांतूनच त्या काळचे गाव खरे कसे होते ते कळते.

जानराव देशमुख मरणासन्न झाले, तेव्हा त्यांच्यासाठीही महाराजांच्या चरणांचे तीर्थ नेण्यात आले आणि ते बरे झाले. पाटील व देशमुख दोघांनाही मान्य असलेला गावातील एकमेव माणूस म्हणजे महाराज. ज्याला काही नको, त्याचा कोणालाच धाक वाटत नाही आणि कोणाला त्याच्याविषयी संशयही वाटत नाही. शेगावातील दुफळी महाराजांनी उपदेश करून मिटवली नाही. ते प्रवचन करीत नसत, ग्रंथ लिहीत नसत. त्यांच्या ओठी एक छोटेसे भजन असे आणि टाळी वाजवून ते त्यात रमून जात. परंतु त्यांच्याभोवती बसताना गावाला आपले तट बाजूला ठेवावे लागले, ही त्यांची मोठी सामाजिक कामगिरी म्हटली पाहिजे.

वऱ्हाडभर संचार

महाराज शेगावात राहिले, पण शेगावचे बंदी झाले नाहीत. अकोट, बाळापूर, अकोला, मुंडगाव, अमरावती, कारंजा, नागपूर असा त्यांचा संचार चालू असे. अकोटला नरसिंगजी महाराजांची आणि त्यांची भेट झाली. दोन सत्पुरुषांनी एकमेकांना बंधू मानले. नाशिक-त्र्यंबकेश्वर, ओंकारेश्वर आणि पंढरपूर येथेही ते भक्तांबरोबर गेले.

अकोली गावची कथा वऱ्हाडात आजही घरोघरी सांगितली जाते. वैशाखाचे दिवस होते. भास्कर पाटील जायले शेतात काम करीत होते. महाराजांनी त्यांच्याकडे पाणी मागितले. लांबून घागरीने आणलेले मोजके पाणी एका भटक्या बैराग्याला देण्यास भास्कराने नकार दिला आणि वर कठोर शब्दही ऐकवले. जवळची विहीर बारा वर्षांपासून कोरडी पडली होती. महाराज त्या विहिरीकडे गेले, ध्यानस्थ बसले आणि विहिरीला झरे फुटले. भास्कर शरण आला आणि पुढे त्याने संसार सोडून महाराजांची सेवा पत्करली. चमत्कारावर विश्वास ठेवणे न ठेवणे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. परंतु ज्या प्रदेशात पाण्याचा घोट नाकारणे हे क्रूरपणाचे नव्हे तर काटकसरीचे लक्षण मानले जाई, त्या प्रदेशाने आपल्या संताची सर्वांत आवडती आठवण म्हणून हीच कथा जपावी, याला अर्थ आहे. तहानलेल्याला पाणी नाकारू नये, हा वऱ्हाडी शेतकऱ्याने या कथेतून घेतलेला धडा आहे.

नागपूरचे श्रीमंत गोपाळराव बुटी यांनी महाराजांना सीताबर्डीतील आपल्या वाड्यात नेऊन ठेवले, तोही प्रसंग बोलका आहे. वाड्यात चांदीच्या भांड्यांची पंगत होती, रोज भजन-पूजन होते, कशाचीच कमतरता नव्हती. इकडे शेगाव मात्र सुने पडले. बुटींना महाराज कायमचे हवे होते. शेवटी हरी पाटील गावकऱ्यांना घेऊन नागपूरला गेले आणि महाराजांना परत शेगावला घेऊन आले. त्यावेळचे नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी. शेगाव तिच्या तुलनेत एक लहान बाजारगाव. तरीही महाराज परतले. नागपूरऐवजी शेगाव तीर्थक्षेत्र होण्याचा निर्णय त्या दिवशी झाला, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

कापूस मुंबईला पोहोचवण्यासाठी टाकलेली रेल्वे आता महाराजांच्या भक्तांनाही शेगावला पोहोचवू लागली. भाऊ कवर यांची कथा या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे. महाराजांना साधे वऱ्हाडी जेवण आवडे, म्हणून भाऊंनी घरी भाकरी, कांदा आणि अंबाडीची भाजी करून घेतली आणि अकोल्याच्या स्थानकावर ते आले. पण गाडी निघून गेली होती. दुसऱ्या गाडीने ते शेगावी पोहोचले तेव्हा दुपार कलली होती. महाराजांपुढे पक्वान्नांची ताटे येऊन पडली होती, पण त्यांनी एकाही ताटाला हात लावला नव्हता. भाऊंची भाकरी आल्यावरच ते जेवले. रेल्वेच्या वेळापत्रकावर एका संताचे जेवण अवलंबून राहावे, अशी कथा जुन्या संतचरित्रांत सापडणार नाही. ही नव्या काळातील, स्थानक असलेल्या गावातील कथा आहे.

दुष्काळ, प्लेग आणि लोकमान्य

एकोणिसाव्या शतकाची अखेर वऱ्हाडला फार जड गेली. १८९६-९७ आणि पाठोपाठ १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पडले. सुपीक समजल्या जाणाऱ्या वऱ्हाडातही माणसे अन्नावाचून मेली. त्यातच प्लेगची साथ आली. गावे ओस पडली, लोक रानात झोपड्या बांधून राहू लागले. मुंडगावच्या पुंडलिक भोकरे या भक्ताला शेगावच्या वाटेवर काखेत गाठ आली, तरीही तो वारी न मोडता शेगावला पोहोचला आणि बरा झाला, ही कथा त्याच काळातील. वैद्यकाला तेव्हा प्लेगवर खात्रीचा उपाय ठाऊक नव्हता. सरकारी उपायांची लोकांना धास्ती होती. अशा वेळी लोक शेगावकडे धाव घेऊ लागले. शेगावच्या वारीची लोकप्रियता संकटाच्या या वर्षांत वाढत गेली.

प्रशासनाच्या नकाशातही याच सुमारास बदल झाले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. १९०५ मध्ये जिल्ह्यांची फेररचना झाली आणि तोवर अकोला जिल्ह्यात असलेला खामगाव तालुका, त्यातील शेगावसह, बुलढाणा जिल्ह्यात आला. तथापि, शेगावचे भावनिक नाते अकोल्याशीच अधिक राहिले. महाराजांच्या चरित्रातील सर्वांत गाजलेला सार्वजनिक प्रसंगही अकोल्यातच घडला.

१९०८ साली अकोल्यात शिवजयंतीचा उत्सव झाला. लोकमान्य टिळक त्यासाठी आले होते. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे वऱ्हाडातील टिळकांचे उजवे हात. या सभेस महाराज उपस्थित होते आणि टिळकांना लवकरच मोठे बंधन सोसावे लागेल असे त्यांनी सूचित केले, अशी परंपरा आहे. त्याच वर्षी २४ जूनला टिळकांना अटक झाली आणि जुलैमध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी मंडालेला झाली. महाराजांनी टिळकांसाठी प्रसाद म्हणून भाकरी पाठवली आणि त्यांच्या हातून मोठे कार्य होईल असा आशीर्वाद दिला, असे भक्त सांगतात. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी गीतारहस्य लिहिले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. या कथेतील श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरतेच. राजकीय चळवळीच्या व्यासपीठावर लोकांना महाराजांची उपस्थिती हवीशी वाटत होती. शेगावचा अवलिया आता साऱ्या वऱ्हाडचा झाला होता.

समाधी

महाराजांच्या अखेरच्या वर्षांत भक्तांपुढे एक नवा प्रश्न उभा राहिला. भक्तांची गर्दी वाढत होती, देणग्या येत होत्या आणि महाराज पैशाला स्पर्श करीत नव्हते. त्या धनाचा हिशेब कोणी ठेवायचा? गावातील दोन तट अजून पूर्णपणे विरले नव्हते. अशा वेळी १९०८ मध्ये, महाराजांच्या हयातीतच, विश्वस्त मंडळ स्थापन करून संस्थानचा कारभार सुरू करण्यात आला. एखाद्या सत्पुरुषाच्या पश्चात गादीवरून वाद होतात, वारसदार उभे राहतात, न्यायालयात खेटे घालावे लागतात, असे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी घडले. शेगावात शिष्यपरंपरेची गादी निर्माण झाली नाही. महाराजांच्या पश्चात अधिकार कोणा एका व्यक्तीकडे न जाता विश्वस्तांकडे गेला. शहराच्या पुढील वाटचालीत हा निर्णय सर्वांत मोलाचा ठरला.

मठासाठी आणि समाधीसाठी जागेची गरज होती. हरी पाटलांनी सरकारकडे अर्ज केला आणि बुलढाण्याच्या इंग्रज अधिकाऱ्याने एक एकर जागा दिली, अशी नोंद चरित्रग्रंथात आहे. समाधी कोठे असावी हे महाराजांनीच दाखवून दिले होते, असे भक्त मानतात. १९१० च्या आषाढात ते हरी पाटलांबरोबर पंढरपूरला जाऊन आले. विठ्ठलाचा निरोप घेण्यासाठीच ते गेले होते, अशी श्रद्धा आहे. त्यानंतर भाद्रपद शुद्ध पंचमीस, ऋषिपंचमीच्या दिवशी, ८ सप्टेंबर १९१० रोजी महाराजांनी देह ठेवला.

बातमी पसरली तशी गावोगावची माणसे शेगावच्या दिशेने निघाली. रात्री गावातून मिरवणूक काढण्यात आली. दारोदारी सडे पडले, रांगोळ्या निघाल्या, रस्ते फुलांनी भरले. पहाटे मिरवणूक मठात परतली आणि महाराजांचा देह समाधीत ठेवण्यात आला. शेगावात त्यांचे वास्तव्य ३२ वर्षांचे. या काळात त्यांनी एक झोपडीही स्वतःच्या नावावर केली नाही.

गावाचे शहर होताना

महाराज गेल्यावर काही वर्षांत शेगाव पुन्हा केवळ कापसाचे गाव होईल, अशी शक्यता होती. तसे झाले नाही. समाधीवर मंदिर उभे राहिले. वरच्या बाजूस राममंदिर आणि खाली भुयारात समाधी अशी त्याची रचना आहे. प्रकटदिन, रामनवमी आणि ऋषिपंचमी हे तीन मोठे उत्सव गावाच्या दिनदर्शिकेचे आधार झाले. १९३९ मध्ये संतकवी दासगणू महाराजांनी गजानन विजय हा २१ अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ पूर्ण केला. या ग्रंथाने शेगाव वऱ्हाडाबाहेर, पुण्या-मुंबईच्या घरांत नेले. नोकरीनिमित्त शहरांत गेलेल्या वऱ्हाडी कुटुंबांनी पोथी सोबत नेली आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी शेगावची वाट धरली.

स्वातंत्र्यानंतर वऱ्हाडातील कापसाच्या अनेक बाजारपेठांची रया गेली. जिनांची चाके मंदावली, गोदामे ओस पडली. शेगावला या घसरणीची झळ कमी बसली, कारण तोवर गावाचा चरितार्थ यात्रेकरूंवर अवलंबून राहू लागला होता. धर्मशाळा, भक्तनिवास, खानावळी, फुले-प्रसादाची दुकाने, टांगे आणि नंतर रिक्षा यांवर हजारो कुटुंबे जगू लागली. फाळणीनंतर आलेल्या एका पंजाबी कुटुंबाने स्थानकावर विकायला सुरुवात केलेली कचोरीही शेगावची ओळख झाली. गाडी थांबते न थांबते तोच खिडक्यांतून हात बाहेर येतात आणि गरम कचोरीचे पुडे आत जातात. १९८३ मध्ये संस्थानने अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. विदर्भातील ग्रामीण भागातील मुलांना अभियंता होण्यासाठी तेव्हा नागपूर-अमरावतीची वाट धरावी लागे. ती काही अंशी कमी झाली. शेगावहून पंढरपूरला पायी जाणारी महाराजांची पालखी अर्धशतकाहून अधिक काळ विदर्भ आणि मराठवाडा ओलांडून जाते. तिची शिस्त पाहण्यासाठी वाटेवरची गावे थांबून राहतात.

संस्थानच्या या वाढीमागे व्यवस्थापनाची एक शैली आहे. मंदिरात सेवा करणारे हजारो सेवाधारी पाळीपाळीने, विनावेतन येतात. कोणी शेतकरी, कोणी शिक्षक, कोणी व्यापारी. मंदिर परिसरात स्वच्छता असते, रांगेत धक्काबुक्की नसते, महाप्रसाद विनामूल्य मिळतो. या व्यवस्थेला आकार देणारे शिवशंकरभाऊ पाटील यांचे ४ ऑगस्ट २०२१ रोजी निधन झाले. संस्थानच्या पाण्याचा घोटही ते स्वतःसाठी घेत नसत, असे त्यांच्याविषयी आवर्जून सांगितले जाते. काही न ठेवणाऱ्या संताच्या संस्थानाचा विश्वस्त कसा असावा, याचा हा आदर्शच म्हणावा लागेल.

प्रगतीची किंमत

२०११ च्या जनगणनेत शेगावची लोकसंख्या ६० हजारांच्या जवळ पोहोचली. ११० वर्षांत गाव चौपट झाले. मोठ्या उत्सवाच्या दिवशी मात्र गावातील माणसांपेक्षा कितीतरी अधिक माणसे बाहेरून येतात. रस्ते, सांडपाणी, वाहनतळ आणि पिण्याचे पाणी यांचा ताण नगरपालिकेच्या आवाक्याबाहेरचा आहे. खारपाणपट्ट्यातील या शहराला दूरच्या धरणांतून येणाऱ्या पाण्यावर विसंबून राहावे लागते. संस्थानने उभारलेल्या आनंदसागर या विस्तीर्ण उद्यानाने २००० च्या दशकात लाखो पर्यटकांना आकर्षित केले. काही वर्षे ते बंद राहिले आणि नंतर त्याचा काही भाग पुन्हा खुला झाला. त्याच्या तलावाच्या निमित्तानेही पाण्याचा प्रश्न चर्चेत आला.

समाधीच्या शताब्दीच्या सुमारास, म्हणजे २०१० च्या आसपास, राज्य शासनाने शेगावचा विकास आराखडा हाती घेतला. रस्ते रुंद झाले, मंदिराचा परिसर मोकळा झाला. त्यासाठी मंदिरालगतच्या खळवाडी आणि मातंगपुरी या जुन्या वस्त्यांतील कुटुंबांना जागा सोडावी लागली. पुनर्वसनाचे प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेले. यात्रेकरूला सोयीचे शहर हवे आणि पिढ्यान्पिढ्या तेथे राहणाऱ्याला आपले घर हवे; दोघांच्याही मागण्या रास्त आहेत. तीर्थक्षेत्र वाढते तेव्हा पहिली झळ त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या गरिबालाच बसते, हा अनुभव शेगावपुरता मर्यादित नाही. पंढरपूर, शिर्डी, त्र्यंबकेश्वर येथेही हेच घडत आले आहे.

शेगावच्या बाबतीत या प्रश्नाला अधिक धार आहे, कारण या शहराचा आरंभच उष्ट्या पत्रावळीपासून आणि गुरांच्या हाळातील पाण्यापासून झाला आहे. व्यापाऱ्याचे घर, पाटलाचे मंदिर आणि श्रीमंताचा वाडा यांपैकी महाराजांनी काहीच आपले मानले नाही. जे कोणाचेच नव्हते तेथे ते रमले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या शहराची कसोटी त्यातील इमारतींच्या उंचीवर किंवा यात्रेकरूंच्या संख्येवर ठरणार नाही. रेल्वेने आलेल्या भाविकाला आणि मंदिरामागच्या वस्तीतील रहिवाशाला पाणी, निवारा आणि मान सारखाच मिळतो का, यावर ती ठरेल. कापसाने शेगावला पैसा दिला आणि रेल्वेने वाट दिली. महाराजांनी त्याला जे दिले, ते टिकवून ठेवण्याची जबाबदारी आता शेगावकरांची आणि दरवर्षी येथे येणाऱ्या लाखो भक्तांची आहे.